घाणेरीवरच्या फुलपाखराचा फोटो मला दाखवू नका

घाणेरीवर बसलेल्या फुलपाखराचा फोटो पुढे करून 'बघा सर, आपली बाग किती निसर्गस्नेही आहे' असं कुणी म्हणालं की माझी सहनशक्ती संपते. फोटो चांगला असतो, तक्रार त्याच्याबद्दल नाही. तक्रार आहे त्यावरून काढलेल्या निष्कर्षाबद्दल. आणि हा निष्कर्ष मी गेल्या दहा वर्षांत आसामपासून राजस्थानपर्यंत किमान चार स्टेशनांत ऐकला आहे.

आपल्याकडची घाणेरी किंवा टणटणी म्हणजे लँटाना. सध्या मी आहे त्या उत्तराखंडात तिला कुरी म्हणतात. (ठिकाणाचं नाव नेहमीप्रमाणे सांगत नाही. शिवालिकचा पायथा, एवढं पुरे.) मूळची ती अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली. १८०९ च्या सुमारास ती कलकत्त्याच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये शोभेसाठी आली आणि साहेब लोकांच्या बंगल्यांच्या कुंपणांवरून पुढे सुटली. बुलबुलांनी फळं खाल्ली, बिया रानात टाकल्या. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतातल्या सुमारे १ लाख ५४ हजार चौरस किलोमीटर जंगलात ती पसरली आहे, म्हणजे देशातल्या वाघांच्या अधिवासातल्या ४० टक्क्यांहून जास्त जंगलात. गुरांनी पाला खाल्ला तर यकृत बिघडतं, कातडी उन्हात सोलवटते. तिच्या जाळीखाली गवत उगवत नाही, आणि गवत नाही म्हणजे चितळ नाही. पुढचं वाघापर्यंतचं गणित वाचकांनी स्वतः मांडावं.

काही लोक तिला 'घुसखोर' म्हणतात. पेशामुळे मला ही उपमा आवडायला हवी, पण आवडत नाही. घुसखोर रात्री, चोरवाटेनं येतो. घाणेरीला आपण गेट उघडून, सॅल्यूट ठोकून आत घेतलं. आजही नर्सरीत जाऊन पैसे मोजून तिची ठेंगणी, रंगीत कुंडी आणतोच की. नर्सरीवाला सांगतो, 'साहेब, ही वेगळी जात, हिला बी धरत नाही.' वर्षभरानं त्याच झुडपावर हिरवे-काळे मणी लोंबताना दिसतात. आणि बी नाही धरलं तरी परागकण रानातल्या घाणेरीपर्यंत पोचतातच.

'पण फुलपाखरं येतात ना?' येतात. मध प्यायला येतात. फौजेतल्या माणसाला हा फरक समजायला अवघड जाऊ नये: ते कॅन्टीन आहे, फॅमिली क्वार्टर नाही. कॅन्टीनमध्ये कितीही गर्दी दिसली तरी तिथं कुणी संसार मांडत नाही. या फुलपाखरांपैकी जवळजवळ एकही घाणेरीच्या पानावर अंडी घालत नाही. कॉमन मॉरमॉन नावाचं ते काळं, शेपटीवालं फुलपाखरू अंडी घालतं कढीपत्त्यावर आणि लिंबावर. प्लेन टायगर घालतं रुईवर. अळी जे पान खाते तेच झाड नसेल तर पुढच्या पिढीचं फुलपाखरू येणार कुठून? आणि गंमत अशी, की ज्या घरी घाणेरीवरच्या फुलपाखराचं कौतुक होतं त्याच घरी कढीपत्त्यावर अळी दिसली की औषधाचा पंप बाहेर निघतो.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे आमच्या इथला एक उतार. क्वार्टर्सच्या मागे दोनेक एकराचा दगडगोट्यांचा चढ आहे. डिसेंबरात तिथं 'बटरफ्लाय गार्डन' करायचा प्रस्ताव आला. प्रेझेंटेशनच्या पहिल्याच स्लाइडवर जागेचं वर्णन होतं 'टाकाऊ जमीन'. पुढच्या स्लाइड्समध्ये जेसीबीनं सपाटीकरण, लॉन, पेव्हर ब्लॉकची वाट, सेल्फीसाठी सिमेंटचं आठ फुटी फुलपाखरू आणि झाडांची यादी: रंगीत लँटाना, दुरंता, टेकोमा, बॉटलब्रश. पहिली तिन्ही अमेरिकेकडची, चौथं ऑस्ट्रेलियाचं. एकाचंही आजोळ भारतात नव्हतं. मार्चमध्ये मोठी व्हिजिट होती, त्याआधी काम संपायचं होतं.

त्या टाकाऊ जमिनीवर काय होतं ते सांगतो. रुई होती. अडुळसा होता. खालच्या सावलीत कढीपत्ता होता, जो आपण मराठी माणसं कुंडीत लाडानं वाढवतो आणि जो इथल्या सालाच्या रानात तणासारखा उगवतो. दोन बेल होते. खालच्या अंगाला घाणेरीचा एक पट्टाही होता, तो नाकारत नाही. आणि वरच्या निम्म्या उतारावर धायटी होती. मी मोजली, साठच्या वर झुडपं.

धायटी मराठी वाचकांना नवीन नाही, फक्त नावानं ओळख नसेल. सह्याद्रीच्या कोरड्या, खडकाळ उतारांवर उन्हाळ्याच्या तोंडाला जे झुडूप लाल होतं ते हेच. माणसाच्या डोक्यापेक्षा जरा उंच, कमानीसारख्या वाकलेल्या फांद्या, आणि त्या फांद्यांना पेरापेरांवर चिकटलेले शेंदरी-लाल नळीच्या आकाराच्या फुलांचे झुबके. तांबडा भाग पाकळ्यांचा नाही, तो निदलपुंज, म्हणजे फुलाचं बाहेरचं आवरण. पाकळ्या इतक्या बारीक की शोधाव्या लागतात. मेंदीच्या कुळातलं झुडूप हे. अकादमीत असताना शिक्षा म्हणून सिंहगडाला पिटाळायचे, तेव्हा फेब्रुवारी-मार्चमध्ये वाटेवर ही भेटायची. तेव्हा नाव विचारायला दम शिल्लक नसायचा. हीच वनस्पती हिमालयाच्या पायथ्याच्या टेकड्यांवरही आहे, समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरपर्यंत. पुस्तकी हिंदीत तिला धाय म्हणतात. आमचे सुभेदार साहेब गढवालचे, ते म्हणाले, "साब, ये तो धौला है. बचपन में फूल तोड़के मीठा चूसते थे." मावळातली पोरंही नेमकं हेच करतात हे त्यांना सांगितल्यावर ते खूश झाले.

मध त्या नळीत खरंच भरपूर असतो, आणि तो तयार होतो पानगळीच्या सुमारास, जेव्हा रानात बाकी फारसं काही नसतं. फेब्रुवारीच्या एका रविवारी चहाचा मग घेऊन मी अर्धा तास त्या उतारावर बसलो. जांभळा शिंजीर, किरमिजी शिंजीर, चष्मेवाले, बुलबुल आणि मधमाश्या. शिंजीर तर एकेका फांदीवरून एकमेकांना हुसकावत होते. हे सगळं खणून काढून तिथं सिमेंटचं फुलपाखरू उभारायचं, आणि त्याला निसर्गस्नेही म्हणायचं?

बैठकीत मी विरोध केला. तिथं जे आक्षेप आले ते प्रामाणिक होते, म्हणून त्यांना इथं उत्तर देतो.

पहिला आक्षेप: जंगली दिसतं. एक ज्येष्ठ अधिकारी म्हणाले, 'बघ, छावणी म्हणजे शिस्त. हे उतारावरचं माजलेलं रान शिस्तीत बसत नाही.' फौजेत जुना विनोद आहे, जे हलतं त्याला सॅल्यूट करा, जे हलत नाही त्याला चुना लावा. झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना, विटांना गेरू-चुना, आणि झुडूप दिसलं की कात्रीनं त्याची पेटी करायची. मला स्वतःला परेड ग्राउंडच्या कडेची सरळ रेघ आवडते. पण शिस्त म्हणजे प्रत्येक गोष्टीचा एकच आकार नव्हे. धायटीला फुलं येतात जुन्या फांद्यांवर. दर महिन्याला कात्री चालवून तिची पेटी केलीत तर हिरवी भिंत मिळेल, फूल मिळणार नाही. मग ते झुडूप ठेवण्याचा उपयोग काय?

दुसरा आक्षेप साप. हा एका मेजरच्या घरच्या भाभींनी घेतला, आणि त्यांची दोन लहान मुलं रोज त्या बाजूला खेळतात म्हटल्यावर तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण साप येतो उंदरांसाठी आणि लपायच्या जागेसाठी. क्वार्टर्सच्या भिंतीला लागून बांधकामाचा राडारोडा पडला होता, कचऱ्याची कुंडी उघडी होती. भिंतीपासून चार-पाच मीटरचा पट्टा गवत कापून मोकळा ठेवा, राडारोडा उचला, कुंडीला झाकण बसवा, संध्याकाळी दिवा लावा. हे केलं, तर वरच्या उतारावरची धायटी कुणाच्या पायात येत नाही. उलट घाणेरीची जमिनीलगतची दाट जाळी ही लपण्यासाठी कितीतरी सोयीची.

तिसरा आक्षेप कुणी उघडपणे घेतला नाही, पण खोलीत तोच सगळ्यात मोठा होता. उतार आहे तसा राखला तर आकडा काय दाखवणार? 'अमुक हजार रोपं लावली' ही ओळ कुठल्याही अहवालात शोभते. 'साठ झुडपं तोडली नाहीत' ही ओळ शोभत नाही. याच आकड्याच्या हव्यासानं आपण ५ जूनला पर्यावरण दिन म्हणून खड्डे खणतो. इथं पाऊस यायला जूनचा शेवट उजाडतो. म्हणजे तीन आठवडे रोप लूमध्ये उभं. जुलैत फोटोतली माणसं असतात, रोपं नसतात. वनमहोत्सव १९५० साली सुरू झाला तो जुलैत ठेवला, त्यामागे पावसाचा साधा हिशोब होता.

मला कुणी म्हणेल की फौजेकडून हे अपेक्षित नाही, फौजेनं सीमा सांभाळावी. त्यांना आपलीच गोष्ट सांगतो. चुनखडीच्या खाणींनी मसुरीचे डोंगर सोलून काढले होते. १९८२ साली गढवाल रायफल्सशी संलग्न अशी प्रादेशिक सेनेची १२७ इकॉलॉजिकल बटालियन उभी राहिली, निवृत्त जवानांची, आणि त्या पांढऱ्या पडलेल्या उतारांवर तिनं पुन्हा झाडोरा उभा केला. ज्या फौजेला हे जमतं तिला क्वार्टर्समागचा दोन एकर उतार कळत नाही असं मी मानत नाही. स्लाइड बनवताना कुणी वर चढून बघितलं नव्हतं, एवढंच.

आता दुसऱ्या बाजूची पण खरडपट्टी काढतो, कारण देशी झाडांचे नवे भक्तही कमी नाहीत. बैठकीनंतर दोन उत्साही तरुण अधिकारी माझ्याकडे आले. त्यांची योजना अशी की पलीकडच्या राखीव जंगलातून धायटीची शंभर झुडपं मुळासकट आणायची आणि उतार आणखी लाल करायचा. मी त्यांना चहा पाजला आणि नाही म्हणालो. राखीव जंगलातून झुडूप उपटणं हा गुन्हा आहे, ही पहिली गोष्ट. दुसरी म्हणजे खडकात रुतलेलं जुनं मूळ उपटताना तुटतं आणि झुडूप बहुधा मरतं. एका जंगलाची जखम करून बागेची मलमपट्टी करायची, याला निसर्गप्रेम म्हणत नाहीत. तसंच बदलीच्या ट्रकमधून रोपं हलवण्याची आपली सवय. साताऱ्याची धायटी इथं आणायची गरज नाही आणि इथली पुण्याला न्यायची नाही. जात तीच असली तरी त्या-त्या मातीत, त्या-त्या थंडीत पिढ्यानपिढ्या रुजलेलं बी वेगळं असतं. इथं लावायची तर इथल्याच टेकडीचं बी घ्या. शिवाय कुंडीतल्या मातीतून कीड, बुरशी आणि तणाचं बी फुकटात प्रवास करतं ते वेगळंच.

आणि फुलं ओरबाडणं. धायटीच्या फुलांना बाजार आहे. आयुर्वेदातली आसवं आणि अरिष्टं आंबवायला धातकीची फुलं घालतात. कुमारी आसव, अशोकारिष्ट, दशमूलारिष्ट, घरात असलेल्या बाटलीवरचं घटकांचं लेबल वाचून बघा, धातकी सापडेल. औषधावर माझा राग नाही (आंबवलेल्या पेयांबद्दल फौजी माणसानं बोलूही नये). राग आहे फूल खुडायचे कष्ट वाचवण्यासाठी अख्खी फांदी मोडून नेण्यावर. फांदी गेली की त्या वर्षीचं बी गेलं, शिंजिराचा मध गेला आणि पुढच्या वर्षीची फुलंही गेली, कारण ती त्याच फांदीवर येणार होती. आमच्या उतारावर मार्चमध्ये गोण्या घेऊन माणसं आलीच होती. त्यांना हाकलून लावणं सोपं, पण ती गरीब माणसं आहेत आणि किलोमागे त्यांना मिळतात ते पैसे हास्यास्पद आहेत. सुभेदार साहेबांनी त्यांना बसवून सांगितलं की खाली गळलेली आणि सुकायला लागलेली फुलं गोळा करा, फांदीला हात लावू नका. निम्म्यांनी ऐकलं.

ज्यांना खरंच लावायची आहे त्यांच्यासाठी आता कामाचं.

फुलं सुकल्यावर त्या नळीतच लहान बोंड तयार होतं आणि उन्हाळ्यात पिकतं. एका झुडपाची सगळी बोंडं काढू नका, दहा-पंधरा झुडपांवरून थोडी थोडी घ्या, म्हणजे रोपांत विविधता राहते आणि रानाच्या वाट्यालाही उरतं. बी अगदी बारीक असतं, श्वास जोरात सोडला तरी उडतं. ते कोरड्या रेतीत मिसळून चाळलेल्या मातीच्या ट्रेमध्ये वरच्यावर भुरभुरावं. मातीखाली गाडू नये, इतक्या बारीक बियांना वर ढकलायची ताकद नसते. झारीनं पाणी घातलंत तर सगळं बी एका कोपऱ्यात जमा होईल, म्हणून ट्रे उथळ पाण्यात ठेवून खालून ओल चढू द्यावी. अर्धी सावली पुरते. रोपं सुरुवातीला फार सावकाश वाढतात, धीर सोडू नका. पुढच्या पावसाळ्यात ती जमिनीत लावावीत.

जमीन जितकी हलकी, मुरमाड आणि निचऱ्याची तितकं बरं. शेणखताचं घमेलं रिकामं करायचा मोह आवरा. फार पोसलेल्या झुडपाला पाला येतो, फूल कमी. पहिला उन्हाळा आठवड्यातून एकदा पाणी, पुढे काही नाही. दोन झुडपांत दोन मीटर अंतर, कारण फांद्या कमानीसारख्या बाहेर झुकतात. छाटणी करायचीच तर बी पडून गेल्यावर, पावसाच्या तोंडाला करा. कापलेल्या जागेखालून ती जोमानं फुटते. कीटकनाशक अजिबात नाही. मधात उतरलेलं विष शिंजीर आणि मधमाशी दोघांच्या पोटात जातं. आणि फक्त धायटीच धायटी लावून नवी एकसुरी फलटण उभी करू नका. तिच्यासोबत अडुळसा, निगडी, करवंद, एखादी रुई, घराजवळ कढीपत्ता हवाच. कढीपत्त्याची चार पानं अळीनं खाल्ली तर आमटी बिघडत नाही.

घाणेरी काढायचीही रीत आहे. वरून कापली की दुप्पट फुटते, जाळली तरी फुटते, आणि जेसीबीनं उकरली तर मोकळ्या झालेल्या मातीत तिचंच बी आधी रुजतं. प्राध्यापक सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेटमध्ये वापरलेली पद्धत साधी आहे: जिथून धुमारे फुटतात त्या भागाच्या जरा खाली, जमिनीत तीन-पाच सेंटीमीटरवर मूळ कुदळीनं तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं. आम्ही खालचा पट्टा जानेवारीत फळं धरण्याआधी असाच काढला. वीस जवान, चार रविवार. त्या जागी लगेच स्थानिक गवताचं बी टाकलं. बुलबुल नवं बी आणतच राहणार, त्यामुळे दर पावसाळ्यानंतर एक फेरी मारून कोवळी रोपं हातानं उपटावी लागतील. हे एकदा करून संपणारं काम नाही, ज्यांना उद्घाटनाची फीत कापायची आहे त्यांनी यात पडू नये.

आमच्या बैठकीचा निकाल असा लागला की खालच्या सपाट तुकड्यावर लॉन झालं, सिमेंटचं फुलपाखरूही झालं. त्याचे पंख केशरी आणि हिरवे आहेत, आणि त्याला पाय चारच आहेत. वरचा उतार राहिला. व्हिजिटला आलेल्या पाहुण्यांना मी मुद्दाम वर नेलं. धायटी पूर्ण फुललेली होती. त्यांनी विचारलं, 'ये कब लगाया?' मी सांगितलं की लावलं नाही. ते थोडा वेळ उभे राहिले, एका शिंजिराकडे पाहिलं, आणि मग सगळे खाली चहाला गेले.

माझी इथली मुदत ऑगस्टमध्ये संपते. हँडिंग ओव्हरच्या नोटमध्ये उताराचा नकाशा, झुडपांची संख्या, कुरी उपटायचे महिने आणि बियांच्या तीन ट्रेंची जागा लिहून ठेवली आहे. ट्रे सुभेदार साहेबांच्या क्वार्टरमागे, पाण्याच्या टाकीच्या सावलीत आहेत. एकात गेल्या आठवड्यात मोहरीपेक्षाही बारीक हिरवे ठिपके दिसायला लागलेत.